पॉवरची दोन द्या

आमच्या दुकानातली कात्री गल्ल्याला सुतळीनं बांधलेली असे. कुणी पळवेल म्हणून नव्हे, दिवसातून इतक्या वेळा लागायची की शोधत बसायला सवड नसे. तासगावात एसटी स्टँडपासून चार पावलांवर अण्णांचं मेडिकल. शाळा सुटली की मी तिथंच. औषधांच्या रिकाम्या खोक्यावर बसून गृहपाठ करायचा आणि अण्णांनी न बघता हात मागं केला की त्या हातात हवी ती पट्टी ठेवायची. वरचा कप्पा तापाचा, मधला पोटाचा, खालचा 'पॉवर'चा.

पट्टी कापायचीही एक रीत होती. पट्टीच्या एका टोकाला बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असते. ते टोक दुकानात ठेवायचं आणि दुसऱ्या टोकाकडून कापत यायचं. उरलेला माल दुकानदाराला ओळखता आला पाहिजे ना! गिऱ्हाइकाच्या हातात पडायचा तो दोन गोळ्यांचा चंदेरी चौकोन. त्यावर कधी नावातली दोन-तीन अक्षरं, कधी तीही नाहीत. आपण काय गिळतोय हे त्या माणसाला कळायचं नाही आणि त्यानं कधी विचारलंही नाही. मला तेव्हा ही रीत फार हुशारीची वाटायची. आता मी डी. फार्मच्या मुलांना शिकवते. वर्षाच्या सुरुवातीला ही गोष्ट सांगितली की वर्गातली काही मुलं खाली बघतात. त्यांच्याही घरी दुकान असतं.

'पॉवरची दोन द्या.' बाजारच्या दिवशी हे वाक्य सारखं कानावर पडे. ताप, घसा, दाढ, जुलाब, गळू, कशालाही. पॉवरची म्हणजे अँटिबायोटिक, हे काउंटरच्या दोन्ही बाजूंना ठाऊक. काही जण 'पाचशेची' म्हणत. आकडा मोठा म्हणजे गुण मोठा. साधी पॅरासिटॅमॉलही पाचशेचीच असते, याकडे कुणाचं लक्ष नसे.

अण्णा बेफिकीर दुकानदार नव्हते. झोपेची गोळी त्यांनी चिठ्ठीशिवाय कधी दिली नाही, ओळखीच्या फौजदारालासुद्धा नाही. पण अँटिबायोटिक ही त्यांच्या लेखी धोक्याची वस्तू नव्हतीच, ती उपकाराची वस्तू होती. समोर उभा असलेला माणूस डॉक्टरकडं जाणार म्हणजे फी, एसटीचं तिकीट आणि सगळ्यात महाग म्हणजे बुडालेला पगार. आमच्याकडं बागेतल्या रोजंदारीला पगारच म्हणतात. दोन गोळ्यांत माणूस उद्या बागेत उभा राहिला पाहिजे, हा हिशोब होता. तो राहायचाही. बहुतेक ताप-सर्दी विषाणूंची असते, तिच्यावर अँटिबायोटिकचा काडीचा परिणाम होत नाही, चार दिवसांत ती आपली आपण उतरते. पण उतरणाऱ्या तापाचं श्रेय त्या चंदेरी चौकोनाला जायचं. आणि थोडं अण्णांच्या हातगुणाला.

आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. दिली सावळजकडं. घरची दीड एकर द्राक्षबाग, आणि घरचं काम सरलं की टोळीबरोबर दुसऱ्यांच्या बागेत. छाटणी, विरळणी, डिपिंग म्हणजे द्राक्षाचे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं. सकाळी सातला आत शिरायचं ते उन्हं कलेपर्यंत. बाहेरून बाग गर्द हिरवी दिसते, पण मांडवाखाली उभं राहून पाहा: वर पानांचं छत आणि खाली नुसती खोडं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं आरपार दिसतं. बायकांना जायला आडोसा नाही. म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. सकाळचा चहा, दुपारी भाकरीवर दोन घोट, संपलं.

मग उन्हाळी लागते. लघवीला जळजळ, ओटीपोटात कळ. आत्याला वर्षातून तीन-चारदा व्हायचं. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, आणि नाहीच थांबलं तर दुकानात फोन. 'दादा, ती गोळी पाठव की.' अण्णा चार गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून सावळजच्या एसटीच्या कंडक्टरकडं देत. आधी नॉरफ्लॉक्सासिन, काही वर्षांनी सिप्रो, मग सेफिक्सिम. औषध का बदलावं लागतंय, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. अण्णा म्हणायचे, 'जुनं औषध हलकं झालंय, नवीन चांगलं आलंय.' आत्या दोन गोळ्या घ्यायची, जळजळ थांबली की उरलेल्या दोन फळीवरच्या डब्यात, पुढच्या वेळेला. अण्णांनी पैसे कधी घेतले नाहीत. ही अशी बारमाही भाऊबीज वीस-बावीस वर्षं चालली.

2022 च्या दिवाळीनंतर, डिपिंगच्या ऐन धांदलीत, तिला हुडहुडी भरून ताप आला. पाठीत कळा. सवयीनं फोन आला, सवयीनं पुडी गेली. चौथ्या दिवशी ती कुणाला ओळखेना, तेव्हा गाडी करून मिरजेला आणली. मिरज हे आमच्याकडं दवाखान्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वॉनलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी तिथं दवाखाना काढला, तेव्हापासून पार कर्नाटकातून माणसं तिथं येतात. आमच्या घरात तर 'मिरजेला नेलं' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. प्रयोगशाळेत जंतू वाढवतात आणि कुठलं औषध त्याला मारतं ते एकेक करून बघतात. औषधाच्या नावापुढं एक अक्षर. एस म्हणजे औषध लागू आहे. आर म्हणजे जंतूला त्याचं काही वाटत नाही. अण्णांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला लागले, दुकानात माल मोजून घेताना वाचायचे तसंच, मोठ्यानं. ॲम्पिसिलिन, आर. नॉरफ्लॉक्सासिन, आर. सिप्रो, आर. सेफिक्सिम, आर. खालच्या कप्प्यातली सगळी मंडळी ओळीनं उभी. एस होते ते शेवटी. त्यातली तोंडानं घ्यायची दोन होती, पण ती मूत्राशयापुरतीच कामाची आणि जंतू पोचलेला किडनीत. राहिलं मेरोपेनेम. शिरेतून, दर आठ तासांनी.

आत्या डोळे मिटून पडली होती. झोपली असेल असं आम्हाला वाटलं. ती म्हणाली, 'दादा, तुझ्या दुकानातली एकबी चालत न्हाई व्हय?'

अण्णा पाण्याची बाटली भरून आणतो म्हणून बाहेर गेले. तासाभरानं आले. बाटली रिकामीच होती.

आत्या वाचली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची गोष्ट तिचीच आहे. आणि अण्णांच्या पुड्यांनीच हे झालं, असंही छातीठोकपणे कुणी म्हणू शकत नाही. असे जंतू पाण्यातून येतात, दुसऱ्याच्या हातांतून येतात, जन्मात एक अँटिबायोटिक न घेतलेल्या माणसालाही गाठतात. डॉक्टरांनी अण्णांना हेच समजावलं. अण्णांनी मान हलवली, ती पटलं म्हणून नव्हे.

बरी होत असताना आत्यानं मला विचारलं, 'औषध चालत न्हाई म्हणजे काय गं?' मी कॉलेजात पाच वर्षं हे शिकवत होते, तर शिकवल्यासारखंच सांगायला लागले. ई-कोलाय नावाचा जंतू, वातावरण मानवलं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, लाखांत एखादा जन्मतःच चिवट निघतो, औषधानं बाकीचे मरतात आणि त्या चिवटाला रान मोकळं मिळतं, शिवाय हे जंतू आपला चिवटपणा शेजारच्या जंतूलाही देऊ शकतात. तिनं मला मधेच थांबवलं.

'म्हणजे डावणीगत की.'

डावणी म्हणजे द्राक्षावरचा डाऊनी मिल्ड्यू हा रोग. आमच्याकडच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, एकच औषध सारखं मारलं, किंवा पैसे वाचवायला डोस कमी घातला, की डावणी त्या औषधाला दाद देत नाही. म्हणून फवारण्या आलटून-पालटून करतात. पान बघून, ढग बघून, गरज असेल तेव्हाच टाकी भरतात. ज्या बाईला मी अडाणी समजून सांगत होते, तिला प्रतिकारशक्ती कमावलेल्या रोगाचं सगळं शास्त्र बागेत पाठ होतं. फक्त आपलं अंगही बाग आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मेडिकलवाल्या भावानंही नाही आणि मेडिकल शिकवणाऱ्या भाचीनंही नाही.

अलेक्झांडर फ्लेमिंगनं 1928 मध्ये पेनिसिलिन शोधलं. 1945 च्या डिसेंबरात नोबेलच्या भाषणात त्यानं एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. त्याचा घसा धरतो. तो थोडं पेनिसिलिन विकत आणून घेतो. जंतू मरण्याइतकं नाही, पण चिवट होण्याइतकं. ते जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती जाते. दोष कुणाचा, असं विचारून फ्लेमिंग उत्तर देतो, नवऱ्याचा. औषध अजून दुकानांत धड पोचलंही नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. मी ती दरवर्षी वर्गात सांगते. ज्या दुकानातून त्यानं ते आणलं, त्याबद्दल फ्लेमिंग काही म्हणत नाही. मला मात्र ते दुकान स्पष्ट दिसतं. गल्ल्याला सुतळी.

नियम नाहीत असं कुणी म्हणू नये. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-वन ही औषधांची यादी लागू आहे. त्यातली अँटिबायोटिक्स द्यायची तर डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिली, सगळं वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. पट्टीवर उभी लाल रेघ असते, म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नका. ही रेघ लोकांना कळावी म्हणून सरकारनं 2016 मध्ये मोहीमही काढली. आमच्या दुकानातली ती वही मी पाहिली आहे. अक्षर सुंदर. सगळ्या नोंदी महिनाअखेरीला एका बैठकीत, एकाच पेनानं केलेल्या.

दरवर्षी 18 ते 24 नोव्हेंबर हा आठवडा जगभर याच विषयाचा असतो. आमच्या कॉलेजातही होतो. रांगोळीत कॅप्सूल, पोस्टर स्पर्धा, प्रभातफेरी. एका वर्षी एका मुलाला हिरव्या थर्माकोलचा जंतू केला होता, त्याला गणपती पेठेत उन्हानं चक्कर आली. मीही या सगळ्यात होते. 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे गेली, हा आकडा मीच मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला होता. प्रभातफेरी आमच्या ओळखीच्या मेडिकलसमोरून गेली तेव्हा आतून पट्टी कापल्याचा आवाज आला. खरंच आला. की मलाच तो कुठंही ऐकू येतो, देव जाणे.

आत्या घरी गेल्यावर मी वर्गात डावणीची गोष्ट सांगितली. जत तालुक्यातली एक मुलगी म्हणाली, 'मॅडम, पोस्टर कोण वाचतंय? आमची आई वाचत नाही, ऐकते.' तिच्याकडं जालिहाळचा सामुदायिक रेडिओ, येरळावाणी, लागतो. तिचं म्हणणं, आत्यांनाच बोलू दे की. आटपाडीचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, डाळिंबावर तेल्या रोग आला की आम्ही जे स्ट्रेप्टोसायक्लिन मारतो त्याचं काय? त्यात स्ट्रेप्टोमायसिन असतं, टीबीच्या पेशंटला टोचायचे तेच. वर्ग एकदम शांत झाला. मग दुसऱ्यानं गोठ्यातल्या दगडीचं, म्हणजे कासेच्या सुजेचं काढलं. गाईच्या कासेत औषध सोडलं की किती दिवसांचं दूध टाकायचं, आणि टाकतं कोण? तो तास घंटा होऊनही संपला नाही. पाच वर्षांत मुलांनी माझ्या विषयात एवढा रस पहिल्यांदाच घेतला.

आत्यानं व्हॉइस मेसेज केला. सव्वा मिनिटाचा. आमच्याकडच्या बायका 'मी गेलो, मी आलो' म्हणतात, तसंच, शहरी साबण न लावता. 'मी मरायला टेकलोतो बघा. भावाचं मेडिकल असून एक गोळी लागू झाली न्हाई. डावणीला आपण उगंच औषध मारतो काय? मग अंगावर का मारायचं?' पुढं तिनं सांगितलं की सर्दी-तापाला दोन-तीन दिवस दम धरा, पाणी प्या, दम लागला, ताप हटला नाही, पोर मलूल झालं तर मात्र डॉक्टर गाठा, आणि डॉक्टरनं गोळी दिली तर सांगितली तशी घ्या. मुलांनी तो आपापल्या गावच्या ग्रुपवर टाकला. बचत गट, भिशी, द्राक्ष बागायतदार, माहेरवाशिणी. आठ दिवसांत आत्याला नागठाण्याहून, पलूसहून फोन यायला लागले. ती इतकी खूश की बागेतही मोबाइल पदराला बांधून.

तीन आठवड्यांनी तो मेसेज माझ्याकडं परत आला, आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर, अनेकदा फॉरवर्ड झाल्याच्या खुणेसकट. वर कॅप्सूलच्या फोटोवर लाल फुली. खाली मजकूर: अँटिबायोटिक म्हणजे विष, किडनी खलास, एकही गोळी घेऊ नका, आपल्या माणसांना पाठवा. आणि आत्याचा आवाज 'अंगावर का मारायचं?' इथं तोडलेला. पुढचं सगळं गायब. कुणीतरी बरोब्बर मधून कापलं होतं. नाव, तारीख, मुदत राहिली दुसऱ्या तुकड्यात.

मला तेव्हा राग आला तो त्या अनोळखी माणसाचा. दोनच दिवसांनी माझ्या एका विद्यार्थ्यानं सांगितलं की त्यांच्या शेजारच्या काकांनी तो मेसेज ऐकून गोळ्या बंद केल्या. काकांना साखर. पायाला जखम होऊन सुजलेला पाय, डॉक्टरनं विचार करून दिलेलं औषध. दुसऱ्या दिवशी बंद. पायाचा अंगठा काढावा लागला.

त्या रात्री मी आत्याला हे सांगू की नको, यातच पहाट झाली. सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, 'आपण नुसतं नको नको केलो. नको म्हटलेलं लवकर पळतंय.'

तिचं म्हणणं खरं होतं आणि मला ते टोचलं, कारण माझी सगळी पोस्टरंही नको-नकोचीच होती. न्यूमोनियाला, टायफॉइडला, टीबीला, सडत चाललेल्या पायाला हीच औषधं तारतात, ती तारावीत म्हणूनच तर जपायची. हे वाक्य पोस्टरवर कधी मावलं नाही. 'कोर्स पूर्ण करा' हेही तसंच. टीबीला नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा, तिथं एक दिवस इकडं-तिकडं नाही. पण बऱ्याच साध्या इन्फेक्शनांना पूर्वीपेक्षा कमी दिवस पुरतात असं आता डॉक्टरच म्हणतात. म्हणजे किती दिवस, हे ना मी ठरवायचं, ना मेसेजनं, ना बरं वाटण्यानं. ते डॉक्टरला विचारायचं. आणि विचारायचीच तर आपल्या लोकांना लाज वाटते. डॉक्टरपुढं आमचा माणूस शाळकरी पोर होतो.

दुसरा मेसेज आत्यानं स्वतः ठरवून केला, आणि यावेळी अर्ध्या मिनिटाचा, कापायला जागाच ठेवली नाही. 'डॉक्टरला तीनच गोष्टी इचारा. ही गोळी कशाला, किती दिवस, आणि मधीच बरं वाटलं तर काय करू. लाजू नका, फी दिलीया.' एवढं बोलून ती थांबेल असं वाटलं, तर शेवटी एक वाक्य तिनं मला न विचारता घातलं. 'आणि बायांनो, बागमालकाला आडोसा मागा.'

मला ते आधी विषयाला सोडून वाटलं. काढून टाकू का म्हणून मी तिला विचारणारही होते. नशीब माझं, नाही विचारलं. त्या हंगामात सावळजच्या दोन बागांत कोपऱ्याला शेडनेटचे आडोसे उभे राहिले. एकीत तर पाण्याचा बॅरल आणि मगही. टोळीतल्या बायकांनी ते न केल्यास डिपिंगला येणार नाही म्हणून सांगितलं होतं. मी इतकी वर्षं जंतू आणि गोळी यांच्या मधल्या जागेत शिकवत राहिले. आत्यानं बोट ठेवलं ते त्याच्या अलीकडं. गोळी आमच्याकडं मुतारीऐवजी घेतली जाते, सुट्टीऐवजी घेतली जाते, डॉक्टरच्या दहा मिनिटांऐवजी घेतली जाते. कोविडात तर ती धीराऐवजी घेतली गेली. अझिथ्रोमायसिनची तीन दिवसांची पट्टी लोकांनी चुरमुऱ्यासारखी खाल्ली, विषाणूच्या आजाराला.

दुकान आता माझा भाऊ बघतो. अण्णा अठ्ठ्याहत्तरचे, पण संध्याकाळी येऊन बसतात. मिरजेहून आल्यावर त्यांनी कात्री सुतळीसकट काढून ड्रॉवरमध्ये टाकली. भाऊ म्हणाला, धंदा समोरच्याकडं जाईल. गेलाही थोडा, आणि त्यावरून घरात दोन-तीनदा चांगली वाजली. मग मधला मार्ग निघाला. कुणी पॉवरची मागितली की अण्णा विचारतात, 'कितवा दिवस?' पहिला-दुसरा असेल आणि अंगात बाकी काही नसेल तर पॅरासिटॅमॉल, गरम पाणी, आणि 'परवा येऊन सांग. ताप असला तर डॉक्टरची चिठ्ठी मी स्वतः आणायला लावणार.' माणूस गेला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर परवाच्या चौकोनात त्याचं नाव. वहीतल्यापेक्षा हे अक्षर वाईट आहे, घाईघाईत लिहिलेलं, पेनंही वेगवेगळी.

परवा मी गेले तेव्हा त्या दिवसाच्या चौकोनात पाच नावं होती. तीन खोडलेली, म्हणजे येऊन सांगून गेलेली. दोन उरली होती, दोघी सावळज रोडच्या. साडेपाचला अण्णा उठले, चपला घातल्या आणि निघाले. मी म्हटलं, कुठं? भाऊ हसला, 'जा बघून ये.'

स्टँडवर सावळजची एसटी लागलेली होती. टोळीच्या बायका आत बसल्या होत्या, डब्याच्या पिशव्या मांडीवर. अण्णा खिडक्यांखालून एकेक चेहरा बघत चालले होते. तिसऱ्या खिडकीशी थांबले, वर मान करून विचारलं, 'काय गं, उतरला का ताप?'

'उतरला की काल रात्रीच.'

'आणि ती तुझी जाऊ?'

'ती आली न्हाई आज.' बाई जरा चाचरली. 'तिनं समोरच्याकडनं घेतल्या दोन.'

कंडक्टरनं घंटी दिली. अण्णा गाडीबरोबर चार पावलं चालत गेले. 'उरलेली असली तर ठेवायची न्हाई म्हणावं फळीवर,' ते ओरडून सांगत होते, 'आणि उद्या तिला घेऊन ये!' बाईनं खिडकीतून हात बाहेर काढला, हो म्हणून की गाडी सुटली म्हणून, ते धुरळ्यात दिसलं नाही.